दंतमंजनाची फिल्म

चंद्रप्रकाश परबने पुढे साबणाच्या, बिस्किटांच्या पुष्कळ जाहिराती केल्या, गायकांच्या व्हिडिओ कॅसेटी काढल्या, जुहूच्या हॉटेलांत बसून बड्या लोकांशी गप्पा मारल्या. पण त्याची पहिली जाहिरात होती दंतमंजनाची, आणि तिच्या वेळी त्याच्या वडिलांनी जो घोळ घातला तो विचारू नका!

वडील म्हणजे धाकू परब. गिरणीत हयात घालवलेला माणूस. संपात गिरणी गेली, तेव्हा मुलुंडच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले. त्याच कारखान्यात साहेबांच्या हातापाया पडून त्यांनी चंदूला चिकटवला होता. पर्मनंट! आणि या दिवट्याने काय करावं? नोकरीवर पाणी सोडून गोरेगावच्या एका स्टुडिओत कुणाचा तरी असिस्टंट झाला. तेव्हापासून बापलेकांत बोलणं काय ते "जेवलंस?" एवढंच. पोरगा काय करतो असं चाळीत कुणी विचारलं, की धाकू चपला शोधायला लागायचे.

म्हणून चंदू जेव्हा म्हणाला, "बाबा, रविवारी टीव्हीवर माझी फिल्म आहे, मी स्वतः केलेली," तेव्हा म्हातारा ताडकन उठून बसला.

"तुझी? सगळी तुझी?"

"सगळी माझी."

इथेच चुकलं त्याचं. फिल्म म्हणजे जाहिरात, डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपते, आणि तिच्यात करणाऱ्याचं नाव येत नाही, हे तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण बापाचा चेहरा असा काही उजळला, की त्याची जीभच रेटेना.

रविवारी संध्याकाळी घरी येऊन बघतो तर काय! टीव्ही उचलून गॅलरीत ठेवलेला, त्याला झेंडूचा हार, समोर सतरंज्या आणि सतरंज्यांवर अख्खी चाळ. त्याची आई मालन पातेलंभर चहा उकळत बसलेली.

"आई, हे काय गं?"

"तुझे बाबा घरोघर सांगान इले. पोराचा नाव टीव्हीवर येतला म्हणून. आता गप बस."

स्वतःच्या फजितीचं चंदूला काही वाटलं नसतं, स्टुडिओत ती रोज व्हायची. पण बाबा आज कितीतरी दिवसांनी चारचौघांत ताठ बसले होते. थोड्या वेळाने त्यांची शोभा होणार होती आणि तीही आपल्यामुळे, या विचाराने त्याला रडू यायचं बाकी राहिलं.

सिनेमाआधीच्या जाहिराती सुरू झाल्या आणि तेवढ्यात धाकू नारळ घेऊन उठले. आता कोकणातला माणूस, शुभकार्याला गाऱ्हाणं घातल्याशिवाय राहतो होय? त्यांनी टीव्हीसमोर हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळ गरजली.

"आज ह्या तुझ्या लेकरान पयली फिल्म केल्यान हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गावदेवाला सांगून झालं, कुलदेवाला झालं, वेशीवरच्या देवचाराला झालं. आणि पडद्यावर चंदूचा पहिलवान पेरू चावायला गेला, कळवळून गाल धरून बसला, दंतमंजन लावून आला, कचकन पेरू फोडला आणि मिशीतल्या मिशीत हसला. चंदू "बाबा, अहो बाबा!" म्हणून ओरडत होता, पण त्या गजरात ऐकतो कोण! नारळ फुटला तेव्हा सिनेमाची नावं पडायला लागली होती.

धाकूंनी डोळे उघडले. "हां, आता येऊं दे."

"येऊन गेली, बाबा. ती जाहिरात होती. दंतमंजनाची."

"गेली? आणि नाव?"

"जाहिरातीत नाव नसतं. कुणाचंच नसतं."

शेजारच्या शेवंतीवहिनी घाईघाईने म्हणाल्या, "पहिलवान मात्र झकास होता हां!" धाकू हळूच भिंतीला टेकून बसले. चंदू त्यांच्याजवळ सरकला.

"आधी सांगायला हवं होतं, बाबा. हिंमतच झाली नाही."

धाकू सिनेमाकडे बघतच पुटपुटले, "गिरणीत जन्मभर कापड इणलंय. कोणाच्या धोतरार माझा नाव होता काय रे?"

"नाही."

"माझा नव्हता तर नव्हता. तुझा होया."

चंदूने म्हाताऱ्याचा हात धरला, आणि म्हाताऱ्याने तो धरू दिला.

सिनेमा मध्येच थांबला, पुन्हा जाहिराती लागल्या. पहिलवान दिसला मात्र, धाकू उडी मारून उठले, टीव्हीपुढे आले आणि चाळीकडे तोंड करून, गणपतीच्या मंडपात ओरडावं तसे ओरडले, "ही फिल्म केल्यान चंद्रप्रकाश धाकू परब! माझो झील!"

टाळ्यांनी गॅलरी दणाणली. मालनने पदर डोळ्यांना लावला. चंदू तर हसतही होता आणि रडतही होता.

"काय हे बाबा," तो म्हणाला, "परत पाठ केलीत! तुम्ही ती अजून बघितलीच नाहीत."

"माका कित्याक बघूक होयी?" धाकू म्हणाले. "लोकांची तोंडा बघलंय मी. बरी झाली हा फिल्म."