दोन अंगठ्यांचा रांजण

रांजणाला तोंड भलं मोठं असतं, पण त्याला बोल म्हणून कुणी सांगत नाही. आज न विचारता मीच बोलतो. मी गळ्यापर्यंत मातीत गाडलेला आहे, पोटात गहू आहे, आणि माझ्यावर हात ठेवून घेतलेली एक खोटी शपथ आहे. तिचं ओझं गव्हापेक्षा जास्त आहे.

माझा जन्म दक्षिणेतल्या सरा गावचा, दान वंशाच्या लोकांतला. सिब्या नावाच्या बाईने मला घडवलं. मातीच्या वळ्या एकावर एक चढवत तिने मला कमरेपर्यंत उंच केलं आणि गळ्याखाली जाड कड बसवली. कड ओली असतानाच तिची दोन मुलं लुडबुडत आली. थोरला योग्ली अकरा वर्षांचा, धाकटी अतारा पाच वर्षांची. दोघांनी कडेवर शेजारी शेजारी अंगठे दाबले.

"मेल्यांनो, रांजण म्हणजे खेळणं वाटलं का तुम्हाला?" सिब्या ओरडली. पण ठसे तिने पुसले नाहीत.

भट्टीत माझ्या गळ्याच्या आतल्या बाजूचा एक खडा फुटून उडाला आणि मसुराएवढा खळगा पडला. सिब्याने त्यात बोट फिरवून पाहिलं. "बाहेरून दिसत नाही ना? मग चालतंय," म्हणाली. मुलांनीही हात घालून तो खळगा चाचपला होता.

वंशाचे वडीलधारे शेमेर आजोबा मला टेकून बसायचे आणि पोरांना वंशाची गोष्ट सांगायचे. "आपला मूळपुरुष दान. दासीच्या पोटचा. म्हणून भावांच्या वंशांनी वाटणीत आपल्याला सगळ्यात शेवटी उभं केलं. उरलंसुरलं समुद्राकाठचं रान दिलं, तेही शेजारच्या पलिष्टी लोकांनी बळकावून आपल्याला डोंगरात रेटलं. सख्ख्या भावांनी दगा दिला, पोरांनो." योग्ली मुठी आवळून ऐकायचा. मलाही त्या लोकांची कणव यायची. किती भोळा होतो मी!

पुढे डोंगरात भागेना, तेव्हा सहाशे पुरुषांनी बायकापोरं घेऊन उत्तरेला जायचं ठरवलं. योग्लीचं तेव्हा तिम्नाशी नुकतंच लग्न झालं होतं. सिब्या विधवा, तिच्या पायांत चालायचं बळ नव्हतं. चौदा वर्षांची अतारा आईजवळ थांबली.

"बियाणं रांजणासकट ने," सिब्या म्हणाली. "पेर. पीक हाती आलं की गाडी घेऊन ये आम्हाला न्यायला."

"येतो गं आई. कापणी झाली की दारात गाडी उभी समज."

"दादा, रांजणावर हात ठेवून सांग," अतारा म्हणाली.

योग्ली हसला. "वेडी कुठली! घरच्या माणसांत शपथ लागते होय?"

उत्तरेला लईश नावाचं शांत गाव होतं. आमचे पाच जण आधी टेहळणीला गेले, तेव्हा पाहुणे म्हणून तिथली भाकर खाऊन आले होते. नंतर सहाशे जण तलवारी घेऊन शिरले. मी गाडीवरून सगळं पाहिलं, ते मला सांगवत नाही. जळलेल्या गावाच्या राखेवर आमच्या लोकांनी नवं गाव वसवलं आणि मूळपुरुषाचं नाव दिलं. खाल्ल्या भाकरीला न जागणारी माणसं घरच्यांना जागतील, असं मी तरी कशाच्या जोरावर समजलो?

जमिनीची वाटणी निघाली. शेमेर आजोबांनी सांगितलं, "ज्यांची माणसं मागे राहिली, त्यांच्या शेतातला अर्धा तुकडा त्या माणसांसाठी राखायचा. तो नांगरायचा नाही. आपापल्या रांजणावर हात ठेवून सांगा, मागे कोण आहे?" आमच्यात धान्याच्या रांजणावर खोटं बोललं तर धान्याला कीड लागते, असं मानतात.

योग्लीला आपल्या वाट्याचं झऱ्याकाठचं अख्खं काळंभोर शेत दिसत होतं. तो माझ्याजवळ आला. त्याचा तळवा त्या दोन ठशांवरच पडला.

"मागून निरोप आलाय. माझं मागे कुणी नाही. आई गेली, बहीण गेली."

मी वाट पाहिली. कीड लागली नाही. त्या वर्षी गहू इतका आला की माझ्यावर झाकण बसेना. मला तेच जास्त लागलं.

बारा वर्षांनी एक बाई दारात आली. पाय फुटलेले, खांद्यावर एवढंसं गाठोडं. मी तिला लगेच ओळखलं.

"दादा, मी अतारा."

योग्लीचा चेहरा पडला, मग त्याने तो सावरला. "चुकीच्या दारात आलीस, बाई. माझी बहीण केव्हाच मेली."

"आई गेली गेल्या वर्षी. तोवर तिचं अंथरूण दाराशीच असायचं. गाडीचा खडखडाट ऐकला की विचारायची, 'आला का गं तो?'" तिने गाठोडं उंबऱ्याशी ठेवलं. "मला शेत नको, दादा. मला फक्त घरात घे."

लोक जमले, पण चौदाची पोर बारा वर्षांत इतकी बदलली होती की कुणालाच खात्री देता येईना. नजर गेलेल्या शेमेर आजोबांना काठी धरून आणलं. अताराने माझ्या कडेवर अंगठा ठेवला. पण तो ठसा पाच वर्षांच्या पोरीचा होता. अंगठा त्यात बसेना. मागून कुणीतरी हसलं, "अगं, दुसरा रांजण शोध!"

अताराने अंगठा उचलला. मग म्हणाली, "गळ्याच्या आत मसुराएवढा खळगा आहे. बघा हात घालून."

आमच्यात घरच्या धान्यात परक्याचा हात जात नाही, घरधनिणीचाच जातो. शेमेर आजोबा म्हणाले, "तिम्ना, तू बघ आणि खरं सांग. खळगा असला तर ही याची बहीण आणि अर्धं शेत तिचं."

तिम्नाला बघायची गरजच नव्हती. गहू काढताना रोज तिची बोटं त्यावरून जायची. 'मेल्या खळग्यात दाणे अडकतात' म्हणून ती कितीदा कुरकुरली होती. मला वाटलं, सुटलो. आता खरं बाहेर येणार.

तिने हात घातला. बोट खळग्यावर आलं आणि थांबलं. दारात तिची तीन पोरं उभी होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "आतून गुळगुळीत आहे."

अताराने भावाकडे पाहिलंच नाही. "वहिनी, तुझा हात थांबलेला मी पाहिला," ती म्हणाली. तिम्ना घाईने आत गेली आणि भाकर घेऊन आली. "घे, लांब जायचंय तुला."

अताराने भाकर घेतली नाही. माझ्या कडेवरून एकदा हात फिरवला आणि आली त्या वाटेने निघून गेली. ती कुठे पोचली, पोचली की नाही, मला कुणीच सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी योग्लीने खड्डा खणला आणि मला गळ्यापर्यंत पुरलं. "उंदरांचा फार सुळसुळाट झालाय," असं तो शेजाऱ्यांना सांगत होता. दोन्ही ठसे मातीखाली गेले.

आता शेमेर आजोबा नाहीत. वंशाची गोष्ट योग्ली सांगतो, माझ्या शेजारी बसून. "सख्ख्या भावांनी आपल्याला दगा दिला. पण आपण इथे सगळेच्या सगळे आलो. एकालाही मागे टाकलं नाही." परवा त्याच्या नातीने खेळता खेळता माझ्या गळ्याजवळची माती उकरली.

"आजोबा, हे अंगठे कुणाचे?"

तिम्ना तेव्हा गहू काढत होती. तिचा हात माझ्या आतच होता.

"दोन्ही माझेच," योग्ली म्हणाला.

"पण एक केवढासा आहे!"

"तेव्हा मी लहान होतो." त्याने पायाने माती परत लोटली. तिम्नाचं बोट खळग्यावर होतं. तिने गव्हाची मूठ भरून घेतली.

कधीतरी हे गावही जाईल आणि कुणीतरी मला उकरून काढेल. तुम्ही असाल तर एवढं करा. लहान ठसा पुसू नका, त्या पोरीचं नाव अतारा. आणि आत हात घाला. परके असलात तरी घाला. खळगा आहे.