टाकीची जागा

सगुणाच्या तळपायाची आग सकाळीच मस्तकाला गेली होती. बादली भरायची, पडवी ओलांडायची, अंगणात ओतायची, की पुन्हा आत. अष्टमी गावातल्या नव्या घरात काळुरामने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, हॉलची एक अख्खी भिंत अडवून सहा फुटांची माशांची टाकी बसवली होती, आणि तिची पुढची काच तडकली होती. आधी त्याने तड्यावर बाहेरून चिकटपट्टी लावली, वर खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी फासली. पाणी कुणाच्या बापाचं ऐकतं? त्याने आतून रेटा दिला, लांबीचा पोपडा पडला आणि फरशीवर तळं साचलं.

"तुझी फरशी पुसायची बादली आपटली आसंल," असं म्हणून काळुराम डबा घेऊन कंपनीत पहिल्या शिफ्टला निघून गेला.

बादली! तडा वरच्या काठापासून सुरू होऊन खाली उतरलेला, आणि बादली काय हवेत उडते? गणपतीत याच शहाण्याने टाकीवर आडवी फळी टाकून पेणहून आणलेली भलीमोठी मूर्ती तिच्यावर बसवली होती. खाली मासे, वर बाप्पा, मधे निळे दिवे. आलेल्यागेलेल्याने तोंडात बोट घालायला हवं ना! एवढं वजन काचेवर नको, असं सगुणा तेव्हाच म्हणाली होती. तडाही फळीच्या टोकाखालीच सुरू झाला होता. तसं तिने बोलून दाखवलं, तर म्हणाला, "बाप्पानं काच फोडली म्हनतेस? जीभ झडंल तुजी." देवावर आळ घेता येत नाही, नवरा देवाच्या आड लपलेला. मग खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार? चोर सोडून संन्याशाला फाशी, ही रीत काही आजची नाही.

पण खरी आग निराळीच होती. पेणला रामवाडीत तिची आई, ठमाबाई, मोरीत घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता ती उठून बसायची, पण पाऊल टाकता येत नव्हतं. भाऊ जनू एकटा. तो पहाटेच पनवेलला कामाला जायचा तो दिवेलागणीला परतायचा. तोवर म्हातारीच्या हाताला तांब्या लागला तर पाणी, नाहीतर तेही नाही. "चालाया लागंपर्यंत ने गो ताय तुज्याकडं," असं जनूने रडवेल्या आवाजात सांगितलं होतं.

सगुणाने नवऱ्याला विचारलं. आतली खोली त्यांच्या पलंगानेच भरलेली, स्वयंपाकघरात पाट मांडायची मारामार. राहिला हॉल. काळुरामने टाकीकडे हात केला. "हितं जागा कुठाय? पडवीत टाक खाट. वारा लागतो चांगला."

पडवीत! जिथे दुपारचं ऊन थेट भिंतीपर्यंत येतं आणि संध्याकाळी डासांची जत्रा भरते. जिने उभा जन्म मिठागरात उन्हात काढला, तिने म्हातारपणीही उन्हातच पडायचं, आणि टाकीतल्या त्या मोठ्या रुपेरी माशाने मात्र पंख्याखाली डुलायचं. नवऱ्याचं ते बोलणं सगुणाने आईला कळू दिलं नाही. थांब जरा, नेते तुला, एवढंच सांगत राहिली. आणि घरी त्या माशाला रोज स्वतःच्या हाताने करंदी सोलून घालत राहिली. याचा तिला सगळ्यात जास्त राग यायचा.

बादल्या ओतून होतात तोवर पेणहून कमळाकर टेम्पो घेऊन आला. काचेची कपाटं नि टाक्या बनवणारा माणूस, बोलायला मोकळा. लांबीचा पोपडा बघून तो हसला. "पानी आतून ढकलतं, वैनी, तुमी मलम बाहेरून लावताव. काचच बदलाया लागंल."

मासे मागच्या दारी, सावलीतल्या निळ्या पिंपात गेले. शेजारच्या दोघांना हाक मारून कमळाकरने रिकामी टाकी उजेडात, पडवीत आणवली, तिचं स्टँडही बाहेर काढलं. पातं घालून जुनं सिलिकॉन कापलं, तडकलेली काच सोडवली, सांधे खरवडून लख्ख केले. "पेनला जाऊन काच कापून आनतो, आजच बसवतो. मग आठ दिवस कुनी बोट लावायचं नाय. सिलिकॉन आतपर्यंत सुकाया पायजे."

सगुणा केर काढायला हॉलमध्ये आली आणि थबकली. भिंतीवर टाकीमागचा रंग नवाकोरा राहिला होता, आणि त्याच्यापुढे अगदी खाटेएवढी जागा रिकामी पडली होती. तिने केरसुणी टाकली, घराला कुलूप घातलं.

"मीबी येते पेनला," ती टेम्पोत चढत म्हणाली.

काळुराम शिफ्ट संपवून आला तेव्हा टेम्पो दारात होता. मागे एका बाजूला गोधड्यांत गुंडाळलेली काच, दुसऱ्या बाजूला गादीवर त्याची सासू, मांडीवर गाठोडं. खाट टपावर. शेजारीपाजारी बघायला जमलेले. चारचौघांदेखत त्याने खाटेचं एक टोक धरलं. मग स्वयंपाकघरात येऊन दातओठ खात म्हणाला, "आन टाकी?"

"सुकंल तवा बघू," सगुणा म्हणाली.

कमळाकरने काच बसवली, पट्ट्यांनी आवळली, निघून गेला. त्या आठ दिवसांत काळुराम घरात कमी आणि पिंपापाशी जास्त बसला. मोठमोठ्याने उसासे टाकायचा, आत ऐकू जातील असे. ठमाबाई ते ऐकायची. तिने गाठोडं उशाखालीच ठेवलं होतं. एक लुगडं काढायची, की पुन्हा गाठ मारायची. "जावयाच्या दारात पडून ऱ्हायाचं बरं नाय," म्हणायची आणि रोज उठल्या उठल्या विचारायची, "टाकी सुकली का गो?"

त्या प्रश्नाने सगुणाचं टाळकं फिरायचं. "आये, टाकीचं नाव काढलंस तर बघ!"

नवव्या दिवशी कमळाकर आला. पडवीतच टाकी काठोकाठ भरली, प्रत्येक सांध्यावरून कोरा कागद फिरवला. कागद कोराच राहिला. "झालं काम. पानी काडतो, मंग न्या आत."

"खाट काढ," काळुराम बायकोला म्हणाला.

"खाट हलायची नाय. टाकी ऱ्हाऊ दे हितंच पडवीत."

"येडी झालीस का गो?" काळुराम उसळला. "दुपारचं ऊन बघितलंस का हितलं? पानी उकळंल. मुका जीव तो, हितं जगंल का?"

महिनाभर दाताखाली धरलेलं सगळं सगुणाच्या तोंडून सुटलं. "माशाला ऊन लागतं व्हय? आन माज्या आईची खाट हितं टाकाया सांगत व्हतात, तवा वारा लागत व्हता? फळी तुमी ठेवलीत, मूर्ती तुमी चढवलीत, काच फोडली तुमी, बोल ऐकले मी! ते ऐकले. ह्ये नाय ऐकनार!"

कमळाकर पाइप गुंडाळायला लागला.

आणि तेव्हा सगुणाच्या ध्यानात आलं, की दार सताड उघडं आहे. जे आईच्या कानावर जाऊ नये म्हणून इतके दिवस जपलं, तेच रागाच्या भरात आपण ओरडून सांगितलं. ती आत धावली.

ठमाबाई खाटेवर ताठ बसली होती. डोळे कोरडे, ओठ घट्ट. तिने उशाखालून गाठोडं ओढलं. झालं, आता ही पेणला निघते, सगुणाला वाटलं, आणि तिला रडूच फुटलं.

म्हातारीने गाठोडं तिच्या अंगावर टाकलं. "रडतेस काय? गाठ सोड ती. माजी लुगडी कपाटात लाव." आणि पडवीत नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आन जावयांना सांग, माशाला वारा लागंल चांगला."