टेबल कुठे ठेवायचं

या, जरा जवळ सरका. मागच्यांनाही पुढे येऊ द्या. आज राजाची गोष्ट नाही, साधूची नाही. एक सुतार मिस्त्री, त्यांची बायको, त्यांची लेक, त्यांचे थोरले भाऊ आणि एक अजून घ्यायचा राहिलेला कॉम्प्युटर, एवढ्यांचीच आहे. छोटी आहे, पण ऐकून उठाल तेव्हा उगाच काही बोलावंसं वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तर मिस्त्री गुडघ्यांवर बसून बाहेरच्या खोलीची भिंत मोजत होते. हातात टेप, कानामागे पेन्सिल. सुट्टीची सकाळ. लेक नुकतीच कॉलेजात जाऊ लागली होती आणि तिला कॉम्प्युटर घ्यायचा हे ठरलं होतं. लॅपटॉप की डेस्कटॉप, एवढंच ठरायचं राहिलं होतं, आणि त्या एवढ्याशावरून घरात आठवडाभर कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं.

लेकीला लॅपटॉप हवा होता. मिस्त्रींचा डेस्कटॉपवर जोर. ज्या ज्या घरी काम चालू होतं त्या त्या घरी त्यांनी चौकशी केली होती. कुणी म्हणालं, तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त दमदार येतो. कुणी म्हणालं, बिघडला तर तेवढा भाग बदलता येतो, लॅपटॉपचं तसं नसतं. मिस्त्री हे सगळं घरी येऊन सांगत, पण त्यांच्या मनातलं कारण वेगळंच होतं. डेस्कटॉप आला म्हणजे टेबल आलं. आणि टेबल म्हटलं की ते मिस्त्रींनीच करायचं.

आयुष्यभर त्यांनी लोकांच्या मुलांसाठी अभ्यासाची टेबलं केली होती. स्वतःच्या मुलीसाठी करायचं राहूनच गेलं होतं. आता ते टेबल डोक्यात पूर्ण तयार होतं. कीबोर्डला सरकती फळी, वायरींना मागून भोक, पाय ठेवायला खाली आडवी पट्टी, आणि कोपराला टोचू नये म्हणून पुढची कड गोल घासलेली. कुणाला बोलले नव्हते. काम पुरं झाल्यावर एकदमच दाखवायचं होतं.

म्हणून ते म्हणत, "मांडीवर घेऊन कसला अभ्यास होतो? अभ्यासाला बैठक लागते." त्यावर लेक फक्त म्हणे, "लॅपटॉपच बरा, बाबा." कारण विचारलं की उठून आत जाई. मिस्त्रींना वाटे, मैत्रिणींबरोबर हिंडायला हवा असेल. त्यांचे थोरले भाऊ खाटेवरून आगीत तेल ओतत, "अरे, डेस्कटॉप काखोटीला मारून कसं मिरवणार ती?"

थोरल्यांची खाट खिडकीखाली होती. गुडघे गेलेले, दिवसभर खाट, खिडकी आणि टीव्ही, एवढंच त्यांचं जग. ती हलवायची बातच नव्हती. समोरच्या भिंतीशी गिऱ्हाइकांची दोन तयार टेबलं, वर जुन्या चादरी टाकलेली. तिसऱ्या भिंतीला प्लायवूड, हत्यारं, पॉलिशचे डबे. चौथीत दार. आतल्या खोलीत स्वयंपाक, फ्रिज, आणि रात्री चौघांपैकी तिघांची अंथरुणं. मिस्त्रींनी टेप आडवा लावला, उभा लावला, कोपऱ्यात शिरून लावला. लोकांच्या घरात बोटभर सांदीतून कपाट काढणारा माणूस, पण स्वतःच्या घरात त्यांना काही सापडेना.

मग ते कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या बायकोला म्हणाले, "हिचं टेबल कुठे ठेवायचं गं? आत्ता कुठे बसते ती अभ्यासाला? तिथेच काहीतरी करू."

बायकोने मान वर केली नाही. "बाथरूममध्ये."

मिस्त्री हसले. थट्टा चांगली होती. हसू वाटून घ्यायला त्यांनी भावाकडे पाहिलं. थोरले हसत नव्हते. त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला होता. आतल्या दारात लेक उभी होती, तीही हसत नव्हती.

"हसताय काय अहो," बायको म्हणाली. "संध्याकाळी सगळ्यांचं झालं की मी फरशी फडक्याने कोरडी करते. ही बादली पालथी घालून बसते. शाळेच्या शेवटच्या वर्षाचा सगळा अभ्यास तिथेच झाला. कडी लागते, दिवा आहे, टीव्ही ऐकू येत नाही."

"मग इथे का नाही बसत?"

बायकोने हनुवटीनेच चादर टाकलेल्या टेबलांकडे दाखवलं. "लहान असताना एकदा बसली होती. तुमच्या लक्षात नसेल."

नव्हतंच लक्षात. बायकोने मग सांगितलं. फार नाही, चार वाक्यांत. गिऱ्हाइकाच्या टेबलावर लेकीने गणिताची वही उघडली होती. पेन पॉलिशवर ओढलं गेलं, रेघ उमटली. मिस्त्रींनी दंडाला धरून तिला उठवलं आणि उन्हात बाहेर उभं केलं, ते जेवणं होईपर्यंत. त्या दिवसापासून बापाने केलेल्या कुठल्याही टेबलाला तिने बोट लावलं नव्हतं. थोरल्यांना आठवत होतं. शेजाऱ्यांनाही आठवत असणार. लेकीचं तर विचारूच नका. विसरले होते ते एकटे मिस्त्री.

टेप त्यांच्या हातून सुटला आणि सटकन आत गेला.

आता तुम्ही म्हणाल, एका छपराखाली राहून बापाला कळू नये? मीही तेच म्हणालो असतो. पण जरा ऐका. हेच मिस्त्री घरोघर कौतुकाने सांगत, "आमच्या पोरीच्या हातात कधी पुस्तक दिसत नाही, तरी पहिल्या पाचांत येते. देवाची देणगी, दुसरं काय." देवाची देणगी असेलही, त्याच्या दयेला मी कोण नाही म्हणणारा? पण देवाने ती देणगी कुठे बसवून दिली, हे बापाने कधी पाहिलं नव्हतं. कामावरून यायचे, न्हाणीघराचं दार बंद दिसायचं, की मूठ आपटायचे. "राणीसरकार, किती न्हायचं? गावाचं पाणी संपलं." त्यावर आतून एक मगभर पाणी फरशीवर ओतल्याचा आवाज यायचा. कपडे न उतरवता, पुस्तक उंच धरून, बापाला खरं वाटावं म्हणून ओतलेला एक मग. तो आवाज मिस्त्रींनी शेकडो वेळा ऐकला होता आणि हसून चहाला बसले होते.

ते उठले आणि न्हाणीघरात गेले. रोज वापरायची जागा, पण चोराच्या घरात शिरावं तसे शिरले. दार लावलं. बादली पालथी घातली आणि बसले. गुडघे थेट छातीशी आले. मान वळवायला जावं तर नळ लागतो. पुस्तक मांडीवर घ्यावं तर पाठ भिंतीला टेकत नाही, पाठ टेकवावी तर दिव्याचा उजेड पुस्तकावर पडत नाही. कुठल्या वयाच्या मुलाला किती उंच बैठक हवी हे लोकांना समजावून सांगणारा माणूस तिथे बसून राहिला. बाहेर कुणी आवाज दिला नाही. बराच वेळ गेल्यावर बाहेर आले तेव्हा जेवणाचं ताट झाकून ठेवलेलं होतं. ते त्यांनी उघडलं नाही.

दुपारी म्हणाले, "मी जागा करतो. हे सगळं सामान बाहेर काढतो."

लेक त्यांच्या शेजारी येऊन बसली. "आणि मग काम कुठे करणार तुम्ही? मोठेकाकांची खाट कुठे न्यायची?" मिस्त्रींनी नुसतं खाटेकडे पाहिलं. मग तीच म्हणाली, "बाबा, कॉलेजची लायब्ररी संध्याकाळपर्यंत उघडी असते. लांबच लांब टेबलं आहेत. तिथे कुणी उठवत नाही. फक्त मशीन सोबत नेता येईल असं हवं."

टोमणा नव्हता तो. पोर खरंच टेबलांबद्दल सांगत होती. पण "कुणी उठवत नाही" हे शब्द मिस्त्रींच्या अंगावर असे आले की ते तिच्याकडे पाहू शकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बापलेक दुकानात गेली. दुकानदार भला माणूस. खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि कॉलेजची मुलगी पाहून डेस्कटॉपच घ्या म्हणू लागला. पडदा मोठा, टिकतो जास्त, मानेला बरा, डोळ्यांना बरा. मिस्त्री आठवडाभर घरात जे बोलत होते तेच सगळं, त्याच क्रमाने. ते खाली मान घालून ऐकत राहिले.

"लॅपटॉप दाखवा," शेवटी म्हणाले.

"अहो, पण घरी बसून अभ्यास करायचाय ना? मग डेस्कटॉपच घ्या की."

मिस्त्रींनी एकदा लेकीकडे पाहिलं. "आमच्याकडे टेबलाला जागा नाही."

दुकानदार मनापासून हसला. "एवढंच ना? एखाद्या चांगल्या सुताराला सांगा. हल्ली कोपऱ्यात बसेल असं सुरेख करून देतात. कुणी ओळखीचा नसेल तर मी नंबर देतो."

मिस्त्रींचे हात काउंटरवर होते, नखांत पॉलिश बसलेलं. त्यांनी ते सावकाश खाली घेतले. लेक काहीतरी बोलायला गेली. त्यांनी किंचित मान हलवून तिला थांबवलं.

"बघतो," ते म्हणाले. "सध्या लॅपटॉप द्या."

दुकानदाराने खोका तिच्या हातात दिला. मिस्त्रींनी दुकानाचं दार तिच्यासाठी धरून ठेवलं, ती बाहेर पडली तरी धरूनच राहिले, मागून दुसरं गिऱ्हाईक येईपर्यंत.

बस, इतकंच. लेकीची काळजी करू नका, ती रोज लायब्ररीत जाते, शिकते आहे. पण आज घरी गेल्यावर देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की क्षणभर थांबा, आणि या बापाला आठवा.