तळावरची फुली

शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ओडेल क्रुमलच्या शेडमधला फोन वाजला. फोन त्याच्याच घरी राहणाऱ्या मुलीचा, ट्वायलाचा होता. तिच्या दोन वर्षांच्या मुलीच्या, जूनीच्या रक्तात शिसं निघालं होतं.

"बोट टोचून केलेली टेस्ट आहे, डॅड," ट्वायला म्हणाली. "नर्स म्हणते, बोटाला बाहेरून काही लागलं असलं तरी आकडा वर जातो. म्हणून आता दंडातून रक्त घेतलंय. रिपोर्ट सोमवारी."

"मग तसंच असेल. बोटाला लागलं असेल."

"कुठनं लागलं असेल?"

ओडेलने हातातली पितळी नळी मुठीत घट्ट धरली.

"तुझ्या हातात आत्ता काय आहे, डॅड?"

"काही नाही."

"सोमवारी आकडा तसाच आला तर मी तिला घेऊन निघेन. तुमच्या घरात नाही ठेवणार. मॉमला तू सांग, माझ्याच्याने सांगवणार नाही."

फोन ठेवला तेव्हाही ती पितळी नळी त्याच्या मुठीतच होती. स्वतःच्या जुन्या रायफलीतून झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीचं बूड त्याने करवतीने कापलं होतं आणि लेथवर तोंड किंचित मोठं केलं होतं. त्यावर अक्रोडाच्या लाकडाची मूठ बसवून आत दट्ट्या घातला, की गोळ्या काढायचं हत्यार तयार. आठवडाभर तो त्याच्याच मागे होता.

ओडेल रायफलीच्या गोळ्या घरीच भट्टीवर शिसं वितळवून ओतायचा. शिशाच्या गोळीच्या खाचांत वंगण भरलं नाही तर शिसं बंदुकीच्या नळीला आतून चिकटतं आणि नेम जातो. म्हणून केकच्या भांड्यात गोळ्या उभ्या मांडायच्या, त्यांच्याभोवती मधमाश्यांचं मेण आणि मेंढीची चरबी वितळवून ओतायची आणि थंड होऊ द्यायची. त्या वडीला नेमबाजीच्या क्लबात सगळे केकच म्हणत. त्या केकमधून एकेक गोळी ओडेल अंगठ्याने दाबून काढायचा, बोटाने पुसायचा, आणि त्याच बोटांनी सँडविच धरायचा. मार्चमध्ये त्याच्या स्वतःच्या रक्तातल्या शिशाचा आकडा वर गेला, तेव्हा बायको मार्लिसने सांगितलं होतं, "एक तर हात लावणं बंद कर, नाहीतर भट्टी बंद कर." नवं हत्यार केकवर दाबलं की गोळी खालून नळीत शिरणार होती आणि दट्ट्याने बाहेर पडणार होती. बोट कुठेच लागणार नव्हतं.

तो दारापर्यंत गेला आणि परत आला. शेडमधले बूट शेडमध्येच राहत होते. शर्ट वेगळा धुतला जात होता. शेडच्या दाराला कडी इतकी उंच होती की ट्वायलालाही टाच उचलावी लागे. जूनी एकदाही आत आली नव्हती. मग कुठून? त्याने दाराची मूठ पुसली. ती पुसून काय होणार, हे कळत असूनही पुन्हा पुसली.

"चांदीची आहे का रे ती मूठ?" मागून बर्डेट म्हणाला. हा त्याचा क्लबातला जोडीदार. ओडेलच्याच गोळ्या वापरायचा आणि चुकलेल्या प्रत्येक नेमाचा दोष ओडेललाच द्यायचा. "रविवारच्या स्पर्धेच्या गोळ्या झाल्या की अजून न्हाऊ घालतोयस?"

"केक भांड्यातच आहे, महिन्याभरातला पहिलाच. काढ तू. हातमोजे घाल."

"हातमोजे! लग्नाला आलोय की काय?" पण मोजे चढवत बर्डेटने भांडं उलटं करून बाकावर आपटलं. पिवळट केक गोळ्यांसकट सुटला. बर्डेट त्याच्याकडे बघत राहिला.

"फुली कुठे गेली?"

"कसली फुली?"

"तुझी. भांड्याच्या तळाला खिळ्याने कोरली होतीस ना? दर केकवर उमटायची. विषाच्या बाटलीसारखी, म्हणून आपण हसायचो. हे भांडं कोरं आहे, बघ."

ओडेलने तळावरून बोट फिरवलं. गुळगुळीत. मार्लिसने दोन भांडी जोडीने घेतली होती. एक त्याने मागून घेतलं आणि ते चुकूनही स्वयंपाकघरात जाऊ नये म्हणून त्यावर फुली कोरली होती.

तो अंगण ओलांडून गेला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच शेडचे बूट घालून स्वयंपाकघरात शिरला.

"बूट!" मार्लिस ओरडली.

"फुलीवालं भांडं कुठे आहे?"

"ओव्हनमध्ये. मक्याचा ब्रेड टाकलाय. का?"

"ते इथे कसं आलं?"

"जूनीच्या वाढदिवसाला, तीन आठवड्यांपूर्वी आणलं मी. दोन थरांचा केक करायचा होता, दुसरं भांडं लागणारच. तू क्लबात होतास." तिने पिठाचे हात पुसले. "काम झाल्यावर एक परत ठेवलं तुझ्या बाकावर."

"फुलीवालं ठेवायचं होतंस!"

"फुलीवालं माझं ना? मला वाटलं, उसनं नेलेलं परत द्यायचं लक्षात राहावं म्हणून केलीस खूण. म्हणून तेच मी ठेवून घेतलं आणि कोरं तुला दिलं."

"मार्लिस, त्यात शिशाच्या गोळ्या असतात."

"मेण होतं नुसतं! मधमाश्यांचं मेण. गरम पाण्याने दोनदा घासलंय मी." मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालंय?"

त्याने सांगितलं. ती खुर्चीवर बसली, लगेच उठली, ओव्हन बंद केला.

"फुलीचा थर वर ठेवला होता मी," ती म्हणाली. "त्या फुलीवर क्रीमचं फूल काढलं. जूनीने तेच खाल्लं. आणि तेव्हापासून दर आठवड्याचा ब्रेड…"

"मला विचारायचं होतंस."

"आणि तुला सांगायला काय झालं होतं? खिळा सापडला, तोंड नाही सापडलं?"

बर्डेट दारात उभा होता. जुन्या खिडक्यांचा रंग खरवडण्याआधी त्यात शिसं आहे का ते बघायच्या काड्या त्याच्या ट्रकमध्ये पडलेल्या असत. त्यातली एक त्याने आणली होती. ब्रेड कचऱ्यात गेला. भांडं निवेपर्यंत ओडेल खिडकी ते टेबल अशा फेऱ्या मारत राहिला. मार्लिसने थांब म्हटलं, तेव्हा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

बर्डेटने ओली काडी तळावर फिरवली. सपाट भागावर काही नाही. फुलीच्या ओरखड्यात काडीचं टोक गुलाबी झालं; म्हणजे शिसं होतं.

"फिकट आहे," तो म्हणाला. "इतक्याने काय होतं?"

"तुला माहीत आहे का?" मार्लिसने विचारलं.

"नाही."

"मग बोलू नकोस."

तिने भांडं प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. साडेपाचला बाहेर खडीवर चाकं वाजली. ट्वायलाचा ट्रक.

"मी सांगते," मार्लिस म्हणाली.

"फुली माझी आहे," ओडेल म्हणाला. दोघंही एकदमच दाराबाहेर पडली.

ट्वायलाने काच खाली केली. मागच्या सीटवर जूनी झोपली होती, दंडावर जांभळी पट्टी होती. ओडेल बोलत होता तोवर ट्वायलाने पिशवीकडे एकदाच पाहिलं. त्याचं बोलून झाल्यावर एवढंच म्हणाली, "मॉम, तिचे कपडे बॅगेत भरून आण. सोमवारची वाट नाही बघणार."

मार्लिस आत गेली. सव्वासहा झाले तरी ती बॅग घेऊन बाहेर आली नव्हती आणि ट्रकचं इंजिन चालूच होतं.