फटफटीची मान

बुधवारी दुपारी मोठ्या बाईंच्या खोलीत फटफटीने मान हलवली, आणि गुरुवारी सकाळी तिला कळलं की त्या एवढ्याशा हलण्यापायी लॅबकाकांची नोकरी चालली आहे.

फटफटी हे नाव तिला पाचवीत पडलं. बोलायला लागली की एखाद्या अक्षरावर तिची गाडी जागच्या जागी फट् फट् करत राहायची. कितीही किक मारा, पुढे सरकायचं नाव नाही. मग समोरचा माणूस कंटाळून, नाहीतर दया येऊन, तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचा. बरोबर केलं तर उत्तमच. चूक केलं तरी ती मान हलवायची, कारण 'तसं नाही' म्हटलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून बोलणं आलं! या सवयीपायी ती एकदा केस खांद्यापर्यंत कापायला गेली आणि कानापर्यंत कापून आली. केसांचं एक बरं असतं, ते वाढतात. नोकरी परत वाढत नाही.

झालं होतं असं. बुधवारी पहिल्या तासाला विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेत काडी ओढली आणि भक्कन जाळ झाला. सरांना सर्दी, त्यामुळे वास कोणाला येणार? त्यांची अर्धी भुवई गेली, रसायनांच्या कपाटाचा कोळसा झाला. मुलं अजून दाराबाहेर रांगेत होती म्हणून थोडक्यात निभावलं. रात्रभर खोलीत गॅस साठला होता. आदल्या संध्याकाळी खोली बंद केली होती लॅबकाकांनी, आणि तेव्हा तिथे दुसरं माणूस होतं ते फक्त फटफटी. परीक्षानळ्या धुवायची तिची पाळी होती.

मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. बाई काही दुष्ट नव्हत्या. पण दारात अग्निशमन दलाचा माणूस उभा, टेबलावर फोन वाजतोय, खिडकीशी पालकांचा घोळका.

"शेवटी तूच होतीस ना तिथे? काय पाहिलंस ते पटकन सांग."

पटकन! तिथेच तिचं अर्धं अवसान गळालं.

"का... का... काकांनी गॅसचा न... न..."

"नळ बंद केलाच नाही. असंच ना?"

आणि मान हलली. तिने हलवली असंही नाही. वर्षानुवर्षांची सवय, आपोआप हलली. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि ती बाहेर आली.

खरं होतं ते नेमकं उलटं. काकांनी नळ तिच्या डोळ्यांदेखत बंद केला होता, वर दोनदा पिळून बघितला होता. गॅस सुटत होता तो कपाटामागच्या जुन्या पाईपच्या सांध्यातून. त्या सांध्याची तक्रार काकांनी या वर्षात तीनदा लेखी दिली होती, आणि हे फटफटीला पक्कं ठाऊक होतं, कारण तिन्ही चिठ्ठ्या तिच्याच हातच्या होत्या. काकांचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून चालल्यासारखं. ते सांगायचे, ती लिहायची, ते खाली सही ठोकायचे, आणि ऑफिसात कारकुनाच्या हातात चिठ्ठी नेऊन द्यायची तीच. आता ऑफिस म्हणत होतं, कसल्या चिठ्ठ्या?

गुरुवारी सूचना लागली: शुक्रवारी अकरा वाजता समितीची बैठक. शिपाई हळूच म्हणाला, "बैठक कसली, निरोप समारंभच आहे काकांचा. बावीस वर्षं केली बिचाऱ्याने."

मधल्या सुटीत तिने दोन पानं लिहून काढली आणि बाईंच्या पुढ्यात ठेवली. बाईंनी ती वाचली, चष्मा काढला.

"काल हो म्हणालीस, आज दोन पानं? कोणी लिहून घेतलं तुझ्याकडून? काका भेटले होते?"

"न... न... न..."

"नाही म्हणवत नाही, म्हणजे भेटले. वाटलंच मला." या खेपेला मान हलली नाही, पण नकारही फुटला नाही, आणि बाईंना तेवढं पुरलं. "उद्या समितीपुढे ये. जे काय असेल ते स्वतःच्या तोंडाने सांग. नाहीतर हे पत्र मी धरणार नाही."

स्वतःच्या तोंडाने. म्हणजे लंगड्याला सांगायचं, शर्यत जिंक, मग कुबडी देतो!

संध्याकाळी सहाला तिने आतल्या खोलीचं दार लोटलं, कानांत इयरफोन कोंबले आणि 'घाई नाही' उघडलं.

'घाई नाही' हा अडखळत बोलणाऱ्यांचा ऑनलाइन कट्टा. रोज सहा ते सात, फक्त आवाज. कोणाचा चेहरा नाही, खरं नाव नाही. नियम एकच: दुसऱ्याचं वाक्य पुरं करायचं नाही. चार महिन्यांपूर्वी ती पहिल्यांदा आली तेव्हा तीन आठवडे नुसती ऐकत बसली होती. मग एक दिवस धीर करून स्वतःचं टोपणनाव सांगायला गेली आणि 'फ'वर अडकली ती चांगली चाळीस सेकंद. त्या चाळीस सेकंदांत कोणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी शब्द सुटला तेव्हा हातोडा नावाचा एक सुतार एवढंच म्हणाला, "ये, बस." ती फोन छातीशी धरून रडली होती. शाळेत ज्या नावाने पोरं चिडवायची तेच तिने मुद्दाम इथे घेतलं होतं, आणि इथे ते चक्क झोकदार वाटायचं.

आज तिने सगळं सांगितलं. अकरा मिनिटं लागली.

मग तिकीट, म्हणजे बसचा कंडक्टर, म्हणाला, "मा... मान ना? अगं, माझ्या घराचं दार आजही जांभळं आहे. मला पांढरा रंग हवा होता. दुकानदाराने वाक्य पुरं केलं, मी मान हलवली."

"दार काय घेऊन बसलास," सुईआजी म्हणाल्या. त्या बासष्ट वर्षांच्या, अजून शिलाई मशीन चालवणाऱ्या. "मला आईने विचारलं, मुलगा प... पसंत आहे का? मी 'विचार करून सांगते' म्हणायला गेले आणि अडकले. आई म्हणाली, बघा, लाजली! बेचाळीस वर्षं संसार केला त्या लाजेवर. निघाला बरा हो माणूस, पण न... नशीब माझं."

सगळे हसले. फटफटीही हसली. "पण आजी, उद्या... उद्या क... काकांचं काय?"

"लेखी दिलंस, ते चाललं नाही," हातोडा म्हणाला. "म्हणजे बोलावंच लागणार. मग सराव कर. मी अ... अध्यक्ष होतो. आणि मी काही गोड बोलणार नाही, आधीच सांगतो."

"अरे, पोर आहे ती," सुईआजी म्हणाल्या.

"ते पो... पोर बघून थांबणार आहेत का?"

तर हातोडा अध्यक्ष झाला. आणि काय अध्यक्ष झाला! तिने दोन शब्द काढले की तिसरा स्वतःच बोलायचा, तोही चुकीचा. नियम मोडायला त्याला किती जड जात असेल ते त्याच्या आवाजातच कळत होतं. पहिल्या खेपेला तिने "हं" म्हटलं. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्यांदा तो कडाडला.

"पुन्हा मान हलवलीस! मला दिसत नाही तरी क... कळतं! अडखळू नकोस असं कोण म्हणतंय तुला? अडखळ! तास घे! जीभ गेली खड्ड्यात, मान सांभाळ, मान!"

इयरफोनची वायर त्या गडबडीत कधी निसटली तिला कळलंच नाही. आवाज खोलीभर घुमला. पुढच्याच क्षणी दार धाडकन उघडलं आणि आई आत, एका हातात कोणाची तरी अर्धी इस्त्री झालेली विजार. आई लोकांचे कपडे घरी आणून इस्त्री करायची. बाहेरच्या खोलीतून तिने परक्या पुरुषाला आपल्या लेकीवर ओरडताना ऐकलं होतं.

"कोण आहे रे तू?" तिने फोन हिसकावला. "माझ्या मुलीवर आवाज चढवतोस? थोबाड फोडीन! कोण आहेस?"

"मी... मी स... स..."

"सांग की!"

"स... सु..."

"काय, शाळेतला सर आहेस? हो ना?"

आणि हातोडा, पन्नाशीचा गडी, दिवसभर लाकडं तासणारा, सवयीने पुटपुटला, "हो."

मग सुईआजींना जे हसू फुटलं ते आवरेना. तिकीट हसला, हातोडा स्वतः हसायला लागला. फटफटी मात्र हसली नाही. ती आईकडे बघत होती.

"आई, तो सु... सु..." आईचे ओठ हलले. फटफटीने हात वर केला. "थांब. सुतार आहे. माझा मि... मित्र आहे. आत्ता तू जे केलंस ना, तेच मोठ्या बाईंनी केलं. तेच तू रोज करतेस."

आई विजार मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसली. बाहेरच्या खोलीत इस्त्री गरमच होती, पण ती उठली नाही. बऱ्याच वेळाने तिने फोनकडे तोंड करून विचारलं, "मी... मी उद्या तिच्याबरोबर जाऊ का? गप्प बसेन."

"जा," सुईआजी म्हणाल्या. "गप्प ब... बसणं सोपं नसतं, बाई. आणि पोरी, तुझ्या कॉलरमध्ये बकरमचा एक जादा पट्टा घाल. मान हलली की ट... टोचेल."

आईने रात्रीच्या जेवणाआधीच त्या कडक कापडाचा पट्टा शिवून दिला. कॉलर पाटीसारखी ताठ झाली.

शुक्रवारी अकरा वाजता लांब टेबलाच्या पलीकडे पाच माणसं होती. मधोमध अध्यक्ष, शेजारी मोठ्या बाई, टोकाला वही घेऊन कारकून. लॅबकाका भिंतीशी उभे होते, हातांचं काय करावं ते न कळून त्यांनी ते पाठीमागे बांधले होते. आई दारातल्या खुर्चीवर.

"बोल," अध्यक्ष म्हणाले. "पाच मिनिटं आहेत."

"काकांनी न... न... न..."

घड्याळ टकटकत होतं. एका सदस्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं.

"नळ उघडा ठेवला, हे तर झालंच आहे," अध्यक्ष म्हणाले. "पुढे?"

मान खाली जायला लागली तोच कॉलर टोचली. तिने मान वळवली: डावीकडे, उजवीकडे. नाही. आयुष्यात पहिल्यांदा, पाच मोठ्या माणसांपुढे, सावकाश आणि ठळक, नाही.

"मला बो... बोलू द्या. मी अडखळते. वेळ ल... लागेल. मधे कोणी बोललात तर मी पुन्हा प... पहिल्यापासून सुरू करेन."

दाराशी आईने पदराचा बोळा तोंडावर धरला. बाई काही म्हणणार होत्या. अध्यक्षांनी बोट वर केलं.

मग ती बोलली. नळाच्या 'न'वर दोनदा अडकली, 'सांध्या'वर तर इतकी की काकांनी डोळे मिटून घेतले. पण प्रत्येक शब्द तिचा स्वतःचा होता. काकांनी नळ बंद केला. दोनदा पिळून बघितला. वास कपाटामागून यायचा. त्याच्या तीन तक्रारी मी लिहिल्या, मीच ऑफिसात दिल्या. नऊ मिनिटं गेली होती.

"मग परवा हो का म्हणालीस?" अध्यक्षांनी विचारलं.

या प्रश्नाचा सराव झाला नव्हता.

"वाक्य बा... बाईंनी पुरं केलं. ते चूक होतं. पण मी नेहमीच हो म्हणते, म्हणजे लोक ल... लवकर सोडतात. चूक माझीही आहे. काकांची नाही."

मोठ्या बाई टेबलाकडे बघत राहिल्या.

"वाचा," अध्यक्ष कारकुनाला म्हणाले. त्याने घडघडा जबाब वाचला. नळ, पिळणं, कपाट, वास, सगळं होतं. "खाली सही कर," त्याने वही सरकवली.

तिने पेन उचललं आणि थांबली. कारकून बोटाने सहीची रेघ दाखवत होता. त्याला जेवणाची घाई, सगळ्यांनाच घाई. सही केली की संपलं. घरी जाता येईल.

"त... त... तक्रारींचं राहिलं."

"ते काही एवढं महत्त्वाचं नाही," कारकून म्हणाला.

"तीन चिठ्ठ्या. मी तु... तुमच्या हातात दिल्या. तिसरी दिली तेव्हा तुम्ही पेरू खात होतात. म्हणालात, ठे... ठेव तिथे, फाईलला लावतो."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. कारकुनाचा चेहरा उतरला.

"फाईल आणा," अध्यक्ष म्हणाले.

"साहेब, ती आता शोधावी..."

"आणा. आम्ही बसतो."

सात मिनिटं गेली. फाईल आली. तिच्या सगळ्यात मागे, एका टाचणीत, तीन चिठ्ठ्या होत्या; वळणदार अक्षर, खाली कोंबडीच्या पायाची सही. अध्यक्षांनी त्या एकेक करून मोठ्या बाईंपुढे ठेवल्या. मग भिंतीकडे वळून म्हणाले, "तुम्ही सोमवारी कामावर या. पाईपचं आम्ही बघतो. आणि या चिठ्ठ्यांचंही."

काकांनी पाठीमागचे हात सोडले. खिशातून रुमाल काढून उगाच चष्मा पुसत राहिले.

जबाबात दोन ओळी वाढल्या. तिने त्या स्वतः वाचल्या, मगच सही केली. उठणार तोच मोठ्या बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "असं बोलायला तुला शिकवलं कोणी?" आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होत्या.

"माझ्या मि... मित्रांनी."

"कोणत्या वर्गातले?"

फटफटीच्या डोळ्यांपुढे एक शिलाई मशीन आलं, एक जांभळं दार, एक रंधा. तिने खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा बसली.

"ते सांगायला वे... वेळ लागेल, बाई."