सरांचं पाणी

कॅनचं निळं बूच अयोध्याच्या मुठीत होतं आणि त्याच्या कडेला दातांचे वळ होते. घट्ट बसलं की पोरी ते दातानंच उघडत. तिला वाटलं, यातले दोन वळ माझेही असतील... सातवीतल्या दातांचे.

"ताई, दे ना लवकर," शिवकन्या म्हणाली. कॅन तिच्या कमरेइतका उंच.

शाळेमागच्या मैदानात घागरींची रांग, आणि सगळ्यांत पुढे सुंदरराव सरांचा हा पांढरा कॅन. तो पुढेच असायचा. गावची विहीर आटली तेव्हा टँकर आणला तो सरांनी — त्यांचे मेहुणे साखर कारखान्यावर संचालक. गावातली निम्मी माणसं कोल्हापूरकडे ऊस तोडायला गेलेली, आणि ज्या पोरींचे आईबाप गेले त्यांनाच सर पाणी भरायला बोलवायचे. एकट्या असतात बिचाऱ्या, चार अक्षरं जास्त शिकतील, असं म्हणायचे. गावाला याचं फार कौतुक.

"सरांच्या घरी उंबऱ्यातच ठेवतेस ना कॅन?" अयोध्यानं विचारलं.

"न्हाई. सर म्हनले, आजपासून आत आनून दे."

आत. आत म्हणजे उदबत्तीचा वास, रेडिओवर बाजारभाव, खांद्यावर हात — तू लई हुशार पोरगी हाय — आणि तो हात तिथून निघेचना, आणि मागे कडी... अयोध्या इथे थांबते. तीन वर्षं ती इथेच थांबत आली आहे. कडीच्या पुढचं काही दिसू नये म्हणून ती बोलत सुटते, आजीशी, म्हशीशी, बसच्या कंडक्टरशी. आणि बोलता बोलता खरंच चांगलं बोलायला लागली, गेवराईत वक्तृत्वात पहिली आली, बक्षिसाचा कप आता तांदळाच्या डब्यावर ऐटीत बसलाय. आजी म्हणते, हिच्या तोंडाला बसंल असं कुलूप उमापूरच्या बाजारातबी मिळत न्हाई. मला आवडतं तसं म्हटलेलं. मला आता सगळंच आवडतं — दहावी, दोन वेण्या सोडून घातलेली एक वेणी, मंडपात माईक हातात आला की गप्प होणारी माणसं. पण ते एवढंसं मात्र कुठल्याच माईकवर येत नाही.

आणि कुणाला सांगणार होते मी? आई उसाच्या फडात, फोन मुकादमाचा. रडायचं तर आधी त्याला 'राम राम काका' म्हणावं लागे, आणि तेवढं म्हणेपर्यंत रडू परत जाई. निघायच्या दिवशी आईनंच सरांच्या पायांवर घातलं होतं मला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, बाजलं, कोंबड्या चढवल्या, आणि मग हात जोडून म्हणाली, "सर, कातडी तुमची, हाडं आमची." सगळ्याच म्हणतात. पोरगं मास्तरच्या हवाली करायचं तर असंच म्हणायचं असतं, त्यात माया असते. पण आई, कातडी त्यांची झाली तर हाडांनी राहायचं कुठं? यंदा दसऱ्यानंतर शिवकन्येच्या आईनंही तेच म्हटलं, तोच हात जोडणं, आणि अयोध्या चार हातांवर उभी राहून ऐकत होती... नुसती ऐकत होती.

टँकर आला. धुळाजी ड्रायव्हरनं पाइप खाली टाकला. "काय पुढारी, आज भाषन न्हाई?"

"आधी सरांचा भरा," कडूबाई म्हणाली, शिवकन्येची आजी. "सर नसते तं गाढवाचं मूत पिलो असतो आपुन."

बाया हसल्या.

"सरांचा कॅन इथंच ऱ्हाऊ द्या. ते नेतील," अयोध्या म्हणाली.

"कावून गं? त्यांच्या पाठीत चमक हाय."

"मी सातवीत हुते तवाबी हुती ती चमक."

पुन्हा हसू. ही पोरगी अशीच, तोंडाची.

"शिवकन्या आत जानार न्हाई."

"आगं बाई, गुरू हाय तिचा. खातो का काय तिला?"

याच्यावर तर धुळाजीही हसला. अयोध्यानं वाक्य शोधलं. आदरणीय व्यासपीठ, माझ्या बंधू-भगिनींनो... पाठ केलेली सगळी वाक्यं खांद्यावर शाल घेऊन उभी, एकही पुढे येईना.

"मी गेलते आत," ती म्हणाली. "त्यांनी कडी लावलती."

केवढासा आवाज. भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तसा. कॅन भरला, वरून पाणी वाहू लागलं, पायांखालची धूळ काळी होत गेली, आणि ज्या बाया सांडलेल्या तांब्याभर पाण्यासाठीही भांडत त्यांच्यातली एकही पाइपाकडे वाकली नाही. कडूबाईनं शिवकन्येला पदराआड ओढलं — सरांपासून, की माझ्यापासून, कळेना.

"हळू बोल," मागून कुणीतरी म्हणालं. "उद्या टँकर आला न्हाई मजी..."

नाहीच येणार कदाचित. गाव तहानेलं राहील आणि माझं नाव घेईल. आई फडातून विचारेल, काय बोललीस तू... ती एकेक चेहरा पाहत गेली. वाटलं होतं, रागच दिसेल. आणि रांगेच्या शेवटी मथुरा, बाळंतपणाला माहेरी आलेली, मघाशी एकदाही न हसलेली. तिचेही आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे. ती खाली मान घालून कोरडी घागर मातीनं घासत होती, घासलेलीच पुन्हा घासत होती.

मथुरा सातवीत असताना मी पहिलीत होते.

मथुरानं वर बघावं असं अयोध्याला वाटत होतं, आणि बघू नये असंही. आणि इतके दिवस आपण एकटीच आहोत असं समजून चालत होतो, ते किती सोपं होतं, हे तिला आत्ता कळत होतं.