अंक क्रमांक ६१२

अवधूत सहस्रबुद्धे जपानमध्ये तोयोसुतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा, पण इंग्लंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंत शे-दीडशे लोक त्याला ओळखायचे ते वेगळ्याच कारणासाठी. ‘वॉबल’ नावाचं एक ब्रिटिश विनोदी चित्रसाप्ताहिक होतं, बंद पडून तीसेक वर्षं झालेलं. शाळकरी वयात पुण्यात रद्दीवाल्याकडे त्याला त्याचे अंक मिळाले आणि तेव्हापासून तो ते जमवत आला होता. पुढे त्याने सगळ्या अंकांची सूची करून इंटरनेटवर टाकली. प्रत्येक अंकाची तारीख, मुखपृष्ठ, आतली चित्रं, कोणत्या पानावर छपाईची चूक आहे, सगळं. संग्राहकांच्या ग्रुपवर वाद झाला की कुणीतरी म्हणायचं, अवधूत काय म्हणतो बघा. ते वाचून त्याची छाती फुगायची.

सूचीत एकच ओळ रिकामी होती. सहाशे बारा. तिथे त्याने लिहून ठेवलं होतं, ‘छापखान्यातल्या संपामुळे हा अंक निघालाच नाही.’

दोन वर्षांपूर्वी त्सुकुबाच्या हारादा-सान नावाच्या वयस्कर बाईंनी ग्रुपवर लिहिलं, की हा अंक त्यांच्याकडे आहे. मुखपृष्ठावर शाळेची स्वयंपाकीण एका बोकडामागे धावतेय आणि बोकडाच्या डोक्यावर हेडमास्तरांचा टोप आहे. इंग्रजी जपून लिहिलेलं, प्रत्येक वाक्य जणू दोनदा तपासलेलं. फोटो जोडलेला नव्हता.

अवधूतने उत्तर दिलं, ‘वय झालं की दोन अंकांचा एक होतो. हारादा-साननी चष्मा लावून पुन्हा पाहावं. बोकडानेच अंक खाल्ला नसेल तर.’ जेवताना त्याने हे बायकोला, उल्काला, वाचून दाखवलं. ती हसली. ग्रुपवरही पुष्कळ हसू उमटलं. बाईंनी लिहिलं, ‘त्रासाबद्दल क्षमस्व,’ आणि दुसऱ्या दिवशी ग्रुप सोडला.

यंदा मे महिन्यात अवधूतने उत्तर इंग्लंडमधल्या लीड्सहून जुन्या अंकांचं एक खोकं मागवलं. रविवारी दुपारी तो एकेक अंक काढून नोंदी तपासत बसला होता. तळाशी सहाशे बारा निघाला. स्वयंपाकीण, बोकड, डोक्यावर टोप.

त्याने तारीख आणि पानं तपासली. मग फोटो काढले आणि रिकामी ओळ भरली. स्रोत या रकान्यात लिहिलं, ‘सूचीकाराचा स्वतःचा संग्रह’. बहुधा संप सुरू व्हायच्या आधी थोडे गठ्ठे उत्तरेकडे गेले असावेत, असंही लिहिलं. तासाभरात अभिनंदनांचा पाऊस पडला. बोकडाबद्दल आधी कुणीतरी सांगितलं होतं, हे एकालाही आठवलं नाही.

उल्काला आठवलं. ती बेकरीतला बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, संपवून घरी आली, टेबलावरचा अंक पाहिला आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून म्हणाली, “हा तर त्या बाईंचा बोकड.”

“हं.”

“कळवलंस त्यांना?”

“त्या ग्रुपवर नाहीत आता.”

“का नाहीत, ते माहितीये ना तुला?” ती समोर बसली. “मीपण हसले होते, अवधूत. मलाच कसंतरी होतंय.”

पत्ता मिळेल म्हणून तो जुन्या मेल शोधू लागला. हारादा-सानची एक मेल खाजगीत आलेली होती, ग्रुप सोडल्यानंतर आठवड्याने. ती न वाचलेली नव्हती. त्याने ती उघडली होती. पहिली ओळ पाहून ‘आता पुन्हा या बाई’ असं म्हणून बंद केली होती, हेसुद्धा त्याला लख्ख आठवलं. त्याने आता पूर्ण वाचली.

‘मी चष्मा लावून पुन्हा पाहिलं. सहाशे बाराच आहे. माझे पती संशोधक होते, तरुणपणी दोन वर्षं इंग्लंडमध्ये राहिले. हे एक्केचाळीस अंक त्यांचे आहेत. मी लहान घरात जाते आहे. तुम्ही ते ठेवून घ्याल का? महिनाअखेरपर्यंत वाट पाहीन.’ खाली नवा पत्ता, फोन नंबर.

मेल त्याने उल्कापुढे सरकवली. ती वाचत असताना त्याला तिच्याकडे बघवेना.

फोन उल्कानेच केला, तिचं जपानी बरं होतं. शनिवारी दोघं त्सुकुबाला गेले. अवधूतने सहाशे बारा कोऱ्या पाकिटात घालून सोबत घेतला होता. तो त्यांनाच देऊन टाकायचा, असं त्याने ठरवलं होतं. तेवढ्याने थोडं हलकं वाटेल, अशी आशा होती.

हारादा-सान अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, ठेंगण्या, ताठ बसणाऱ्या. त्यांनी चहा दिला. अवधूत उभा राहून वाकला, पाठ केलेली माफी म्हणाला आणि पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं.

त्यांनी अंक बाहेर काढला. मुखपृष्ठ पाहून गालात हसल्या. “ह्यांना हा विनोद कळायला डिक्शनरी लागली होती,” त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. “सकाळी वाचला आणि लॅबमध्ये दुपारी एकटेच हसले. लोक घाबरले. ही गोष्ट ते दर वर्षी सांगायचे.”

“त्यांचे अंक...” अवधूतने विचारलं.

“महिनाअखेरपर्यंत थांबले. मग वर्तमानपत्रांबरोबर सुतळीने बांधून जुने कागद गोळा करायच्या दिवशी बाहेर ठेवून दिले.”

अवधूतच्या डोळ्यांसमोर तो गठ्ठा आला. दर महिन्याला तो स्वतः इमारतीखाली ठेवायचा, तसाच.

“तुम्हाला फार राग आला असेल,” उल्का म्हणाली.

“राग नाही. लाज वाटली.” त्यांनी अंक पाकिटात परत सरकवला. “तुम्ही सगळ्यांत जाणकार. तुम्ही म्हणालात असा अंकच नाही. अंक पुन्हा बाहेर काढून, चष्मा लावून पाहीपर्यंत, एक संध्याकाळभर, मला वाटलं ह्यांनीच ती गोष्ट रचली असेल. चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्यावर मी एक संध्याकाळ शंका घेतली.”

पाकीट त्यांनी अवधूतसमोर ठेवलं. “हा ह्यांचा नाही. ह्यांच्या अंकावर चहाचा डाग होता.”

त्या रागाने बोलल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. निरोप घेताना त्याने विचारलं, की सूचीत त्यांचं नाव घातलं तर चालेल का. “ह्यांचं घाला,” त्या म्हणाल्या आणि कागदावर पतीचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं.

परतीच्या गाडीत त्याने फोनवर ग्रुपसाठी मजकूर लिहिला. हा अंक पहिल्यांदा कुणी सांगितला, तेव्हा मी काय उत्तर दिलं, त्यांची मेल वाचून कशी सोडून दिली आणि त्यापायी एक्केचाळीस अंक कसे रद्दीत गेले, सगळं लिहिलं. मग फोन उल्काकडे दिला.

तिने शेवटपर्यंत वाचलं. “‘माझ्याकडून नकळत घडलेली चूक’ असं लिहिलंयस.”

“मग?”

“नकळत काढ.”

त्याने शब्द खोडला. वाक्य पुन्हा वाचलं आणि मजकूर पाठवून दिला.